घाटमाथ्यावरील चिनी माती : लोणावळा व मावळ परिसरातील सणाचे मेज, पंगत आणि बरणी

मराठी घरात 'चिनी माती' हा शब्द उच्चारला की प्रथम डोळ्यांसमोर येते ती लोणच्याची बरणी. मुंबईच्या जुन्या पारशी कुटुंबात हाच विषय निघाला तर काचेच्या कपाटात जपलेल्या, सणावारी बाहेर निघणाऱ्या रंगीत बश्या आठवतात. पदार्थ एकच, मूळ देशही एकच. परंतु एका घरात त्याला फडताळातील अंधारी जागा मिळाली आणि दुसऱ्या घरात सणाच्या मेजावरील मानाची. लोणावळा-खंडाळा आणि भोवतालचे मावळ या लहानशा प्रदेशात हे दोन्ही संसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून परस्परांच्या शेजारी नांदले. चिनी मातीच्या भांड्यांचा या दोन घरांतील प्रवास इतका भिन्न का झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाचे रूढ उत्तर सोवळ्या-ओवळ्याचे आहे. धातूचे भांडे राखेने, चिंचेने, पाण्याने घासून शुद्ध होते. मातीचे भांडे एकदा उष्टे झाले की टाकावे लागते. म्हणून हिंदू पंगतीत चिनी मातीला थारा मिळाला नाही, असे म्हटले जाते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते अपुरे का, हे पारशी घरातील मेजाकडे पाहिल्यावरच कळते.

घाटवाटेने आलेली भांडी

चीनची भांडी महाराष्ट्रात युरोपीयांनी प्रथम आणली, असा समज दिसतो. तो बरोबर नाही. कोकणातील चौल हे बंदर पोर्तुगीजांच्या आधीपासून अरबी समुद्रातील व्यापारात होते आणि तेथे चिनी पोर्सेलिनची खापरे सापडली आहेत. चौल, कल्याण या बंदरांतून देशावर जाणारा माल ज्या घाटवाटांनी चढत असे त्यांत बोरघाटाचा समावेश होता. कार्ले-भाज्याची लेणी याच जुन्या वाटेवरची आहेत. दौलताबादच्या किल्ल्यातील एका वास्तूस तिच्यावरील निळ्या-पांढऱ्या फरशांमुळे 'चिनी महाल' असे नाव पडले. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ नंतर तेथेच कैदेत होता. मोगल व दख्खनी वास्तूंत भिंतीतील लहान कोनाड्यांच्या रांगेस 'चिनीखाना' म्हणत. म्हणजे दरबारी जीवनात चिनी भांडे हे प्रथम पाहण्याची, मांडून ठेवण्याची वस्तू होते.

सामान्य घरात मात्र ते वेगळ्या वाटेने आले. ब्रह्मदेशातील मर्तबान या बंदरातून येणाऱ्या झिलईदार रांजणांमुळे हिंदी-गुजरातीत बरणीस 'मर्तबान' हा शब्द रूढ झाला. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने आपल्याला भेट मिळालेल्या अशा चार रांजणांचा उल्लेख केला आहे. त्यांत आले, मिरी, लिंबू आणि आंबा समुद्रप्रवासासाठी मिठात मुरवून भरले होते. लोणच्याची बरणी हा प्रकार किती जुना आहे याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण. आंबट आणि खारट पदार्थ पितळेत कळकतो, कल्हईही फार काळ टिकत नाही. साध्या मडक्यातून तेल झिरपते. उच्च उष्णतेवर भाजलेल्या, घट्ट झिलई असलेल्या भांड्यात यांपैकी काही होत नाही. बरणी टिकली ती या साध्या व्यवहारामुळे.

कँटनचा व्यापार आणि पारशी

सणाच्या मेजावरील बश्यांचा इतिहास मात्र कँटन बंदराशी बांधलेला आहे. १७५७ पासून १८४२ च्या नानकिंग तहापर्यंत पाश्चात्त्य जहाजांना चीनमध्ये व्यापारासाठी कँटन हे एकच बंदर खुले होते. उत्तम पोर्सेलिन जिंगदेझेन येथे, केओलिन माती आणि एका विशिष्ट दगडाच्या भुकटीच्या मिश्रणातून तयार होई. निळी नक्षी झिलईखाली तेथेच काढली जाई. ज्या भांड्यांवर गुलाबी, हिरवे, सोनेरी रंग चढवायचे ती कोरी पांढरी भांडी नद्यांतून व मेइलिंग खिंडीतून हमालांच्या खांद्यावरून कँटनला येत आणि तेथील कारखान्यांत गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे रंगवून पुन्हा मंद आचेवर भाजली जात. खिंडीतून माल खांद्यावर वाहून नेण्याची ही पद्धत बोरघाटाशी परिचित असलेल्या वाचकास नवी वाटणार नाही. युरोपीय सरदारांची कुलचिन्हे, व्यापाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरे, ख्रिस्ती प्रसंग, फारसी मजकूर असे काहीही चिनी चित्रकार नमुन्यावरून हुबेहूब उतरवीत. एकोणिसाव्या शतकात माणसांची दृश्ये आणि फुला-पक्ष्यांची चौकटीबद्ध नक्षी असलेली कँटनची गुलाबी भांडी सर्वाधिक पसरली. जहाजात भांड्यांच्या पेट्या तळाशी ठेवीत. त्या वजनदार असत, पाण्याने बिघडत नसत आणि त्यांच्यावर चहाच्या पेट्या कोरड्या राहत.

मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांत चीनला प्रथम गेले ते हिरजी जीवनजी रेडीमनी, १७५६ मध्ये. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांत सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांचे नाव अग्रभागी येते. १७९९ ते १८०७ या काळात त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ मध्ये ते ज्या जहाजावर होते ते फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हे शल्यचिकित्सक होते आणि ही ओळख पुढे मोठ्या भागीदारीत परिणत झाली. पुण्याच्या वाचकाला जमशेटजी परिचित आहेत ते मुळा-मुठेवरील १८५० च्या बंधाऱ्यामुळे. मुंबईकराला त्यांच्या नावाच्या रुग्णालयामुळे आणि कलाशाळेमुळे.

या संपत्तीचा उगम सांगितल्याशिवाय बश्यांचे वर्णन करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबईहून कँटनला जाणारा माल कापूस आणि माळव्यातील अफू हा होता. १८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन झेशू यांनी अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यातूनच पहिले अफूयुद्ध उद्भवले. त्या पेट्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा मोठा हिस्सा होता. परतीच्या जहाजातून रेशीम, साखर, चहा आणि चिनी भांडी आली. गारा साडी आणि गुलाबी नक्षीची बशी या पारशी संस्कृतीच्या गौरवाने सांगितल्या जाणाऱ्या खुणा आहेत. त्यांच्या सौंदर्याविषयी वाद नाही, पण माळव्यातील अफूचे शेत आणि कँटनमधील व्यसनी या दोन टोकांमध्ये त्या बसलेल्या आहेत, हे त्यांच्या वर्णनात क्वचितच येते.

घाट, रेल्वे आणि बंगला

बोरघाटातील गाडीरस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत नोव्हेंबर १८३० मध्ये खुला झाला. तोपर्यंत वरचा माल बैलांच्या पाठीवरून येई. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा पायी पार करावा लागे. घाटातील रेल्वेमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. पंचवीस बोगद्यांच्या या कामावर १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर होते आणि पटकी व अपघातांत त्यांतील हजारो दगावले. त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत.

रेल्वेमुळे मुंबईपासून काही तासांत थंड हवा गाठता येऊ लागली आणि खंडाळा-लोणावळ्यास मुंबईच्या श्रीमंत पारशी, गुजराती, बोहरी व युरोपीय कुटुंबांचे बंगले उभे राहिले. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले आणि वळवण, लोणावळा, शिरवता या टाटांच्या तलावांनी परिसराचे रूप पालटले. त्या पाण्याखाली मावळातील शेते गेली. बंगल्यातील जीवन हे मुंबईच्या घराचेच सुटीतील रूप होते. स्वयंपाकी, नोकर, पेट्या आणि भांडी यांसह कुटुंब घाटावर येई. जमशेदी नवरोज २१ मार्चला, म्हणजे उन्हाळी हंगामाच्या तोंडावर येतो. शहेनशाही पंचांगाचे नववर्ष ऑगस्टमध्ये, लोणावळ्याच्या धो-धो पावसात. या पावसात कापड बुरसते, चामडे कुजते, लाकूड फुगते. झिलईदार चिनी मातीला मात्र काही होत नाही. घाटावरील घरासाठी ती सोयीची होती, हे तिच्या मोठेपणाच्या चर्चेत विसरले जाते.

नवरोजच्या मेजाची मांडणी पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. आरसा, दिवा, नाणी, फुले, गुलाबदाणी, पाण्याच्या वाडग्यात मासे ही शुभवस्तूंची मांडणी वेगळी आणि जेवणाची मांडणी वेगळी असते. सकाळी गोड दही आणि शेवया, दुपारी मासे, पुलाव. धनसाक मात्र शुभदिवशी टाळतात, कारण मृत्यूनंतर चौथ्या दिवशी ते शिजते. मोठे अंडाकृती ताट मध्यभागी, झाकणाचे सूपपात्र, दोन्ही बाजूंस जोडीजोडीने ठेवलेल्या लहान बश्या ही मांडणी अठराव्या शतकातील युरोपीय मेजाची आहे. सर्व पदार्थ एकदम मेजावर मांडण्याच्या त्या पद्धतीसाठीच चिनी कारखान्यांनी शेकडो नगांचे संच घडवले होते. पुढे पदार्थ एकामागून एक वाढण्याची पद्धत युरोपात रूढ झाली आणि मध्यभाग फुलांना मोकळा मिळाला. पारशी मेजावर दोन्ही पद्धतींचे अवशेष एकत्र सापडतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वेंदिदादच्या सातव्या फर्गर्दात मृतस्पर्शाने दूषित झालेल्या भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत. सोन्याचे भांडे एकदा धुऊन शुद्ध होते, रुप्याचे दोनदा, हलक्या धातूंचे आणि दगडाचे त्याहून अधिक वेळा. माती आणि लाकूड यांचे भांडे कायमचे अशुद्ध. हिंदू धर्मशास्त्रातील नियम याहून फार वेगळा नाही. तेथे मातीचे भांडे पुन्हा भाजून शुद्ध होते आणि अतिदूषित झाल्यास टाकावे लागते. शास्त्र दोन्हीकडे जवळजवळ सारखे असताना एका समाजाने चिनी बशी मेजावर घेतली आणि दुसऱ्याने घेतली नाही. तेव्हा केवळ शास्त्रावर बोट ठेवून भागत नाही.

पारशी घराने नियम मोडला असेही म्हणता येत नाही. शुभकार्यातील 'सेस' हे ताट चांदीचेच राहिले. त्यातील गुलाबदाणी, कुंकवाची डबी, खडीसाखरेचे शंकूपात्रही रुप्याचे. लग्नाचे जेवण आजही केळीच्या पानावर वाढतात. म्हणजे विधीला धातू, समाजाच्या भोजनाला पान आणि पाहुणचाराला चिनी माती अशी वाटणी झाली. ही वाटणी कँटनच्या वखारीत आणि मुंबईच्या व्यापारी वस्तीत घडली असावी. ज्या इंग्रज भागीदाराशी लाखोंचा व्यवहार करायचा, त्याला समोर बसवून जेवू घालणे व्यवहाराचाच भाग होता. ताटात काय शास्त्रशुद्ध आहे, यापेक्षा ताटासमोर कोण बसणार आहे, या प्रश्नाने चिनी बशीचे स्थान ठरवले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पंगत आणि फडताळ

मावळातील ब्राह्मण-मराठा घरांतील सणाच्या जेवणाला सजावट नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. पाट, पानाभोवती महिरपीची रांगोळी, समई, उदबत्ती, डाव्या-उजव्या बाजूंचे ठरलेले पदार्थ ही पूर्ण विकसित कला आहे. सवाई माधवरावांच्या १७८३ मधील लग्नप्रसंगी पंगतीच्या व्यवस्थेविषयी नाना फडणीसांनी दिलेल्या बारकाईच्या सूचना प्रसिद्ध आहेत. पण ही सजावट जेवणाबरोबर संपते. पान गाईपुढे जाते, रांगोळी पुसली जाते. कायम राहणारी, वारशाने मिळणारी वस्तू म्हणजे तांब्या-पितळेची किंवा चांदीची भांडी. त्यांवर नावे घातली जात आणि अडचणीच्या वेळी ती मोडता किंवा गहाण ठेवता येत. चिनी बशीला मोडीची किंमत शून्य. खत-बियाण्याच्या कर्जात रुतलेल्या कुणब्याच्या घरात ती का नव्हती, याचे कारण सोवळ्यात शोधण्याची गरजच नाही.

याच पंगतीत पानाच्या डाव्या बाजूस वाढलेले लोणचे चिनी बरणीतून आलेले असते. बरणीला कोणी उष्टा हात लावत नाही, किंबहुना तिच्याइतके कडक सोवळे घरातील क्वचितच दुसऱ्या भांड्याला असते. ओठ तिला लागत नाहीत आणि परका मनुष्य तिच्यासमोर बसत नाही. म्हणून मातीची असूनही ती स्वयंपाकघरात निर्वेध राहिली.

१८९२ : लोणावळ्याहून पुण्यास

ओठाला लागणारे भांडे आले की काय होते, हे पुण्याच्या पंचहौद मिशन प्रकरणाने दाखवले. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी मिशनमध्ये व्याख्यानास जमली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला. काहींनी कप नुसता हाती घेऊन ठेवून दिला, असे सांगितले जाते. उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध झाली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आरोपितांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक दोघेही होते.

१८९२ च्या उन्हाळ्याच्या सुटीत रानडे लोणावळ्यास राहिले होते. बहिष्काराने ज्यांच्या घरची लग्नकार्ये, श्राद्धे अडली होती अशा मित्रांसाठी त्यांनी प्रायश्चित्त घेण्याचे ठरवले आणि ते त्यासाठी पुण्यास गेले. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात या प्रसंगाची हळहळ नोंदलेली आहे. सुधारकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. सनातन्यांचे समाधान झाले असेही नाही.

भूगोल ध्यानात घेतला तर हा प्रसंग अधिक तीव्र होतो. ज्या गावी रानडे सुटीसाठी होते, तेथल्याच बंगल्यांत मुंबईकर कुटुंबे रोज सकाळी चिनी कपातून चहा घेत होती आणि त्याची कोणाला खबरबात नव्हती. उच्च न्यायालयात नेमणूक लवकरच व्हावयाची आहे असा न्यायाधीश त्याच लोणावळ्याच्या स्टेशनावरून एका कपाचे प्रायश्चित्त घेण्यासाठी गाडीत बसतो. कपातील चहा किंवा कपाची माती यांपेक्षा तो कोणी, कोठे पुढे केला हेच या वादाचे मर्म होते. व्यवहाराने पारशी व्यापाऱ्याला परक्यासमोर बसण्याची मुभा दिली; पुण्याच्या ब्राह्मण विद्वानाला ती मुभा जातीने नाकारली.

पुढील काही दशकांत कपबशी घरोघर आली. इंग्लंडच्या स्टॅफर्डशरची आणि नंतर जपानची स्वस्त भांडी बाजारात उतरली. मोठ्या बरण्या सौराष्ट्रातील थान-मोरबीच्या बाजूस बनू लागल्या. ब्राह्मण घराने कपबशी स्वीकारली, पण कपाने भेद संपवला नाही. खेड्यापाड्यांतील चहाच्या दुकानांबाहेर दलितांसाठी वेगळा, अनेकदा कान तुटलेला कप ठेवलेला असे. दलित आत्मकथनांत त्याच्या वेदनादायक नोंदी आहेत. प्यायल्यावर तो ज्याने त्याने धुऊन परत जागी ठेवायचा. जुने सोवळे मातीच्या भांड्याला घाबरत होते. नव्या व्यवस्थेने त्याच भांड्याला अस्पृश्यतेचे साधन केले. १९५५ च्या कायद्याने असे वर्तन गुन्हा ठरले, तरी वेगळे कप त्यानंतरही अनेक ठिकाणी राहिले.

याच मावळात, तळेगाव दाभाडे येथे, १९०८ मध्ये पैसाफंड काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा या कल्पनेने गोळा केलेल्या निधीतून तो उभा राहिला. टिळकांचा त्यास पाठिंबा होता आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथील कामाची धुरा सांभाळली. काच धुऊन स्वच्छ होते, उष्टे शोषत नाही आणि ती स्वदेशी असू शकते, या तिन्ही गोष्टी त्या काळच्या मध्यमवर्गाला पटणाऱ्या होत्या. परदेशी चिनी मातीला मावळाने दिलेले हे उत्तर अधिक अभ्यासास पात्र आहे. कारखान्याचा राजकीय इतिहास लिहिला गेला, त्यातील पेले कोणाच्या घरी कोणत्या दिवशी वापरले गेले हे मात्र कोणी विचारले नाही.

आजची स्थिती

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतील चिनी भांडी पाहावयास मिळतात. घरगुती भांड्यांची स्थिती वेगळी आहे. बंगले विकले जातात, संच वारसांत वाटले जातात, उरलेल्या बश्या मुंबईच्या जुन्या बाजारात जातात आणि तेथून नव्या शनिवार-रविवारच्या घरांत सणाच्या मेजाची शोभा म्हणून परत लोणावळ्यास येऊ शकतात. अशी भांडी जेवणात वापरताना एक काळजी घ्यावी लागते. झिलईवर चढवलेल्या जुन्या रंगांत शिसे असते आणि सिरका, लिंबू, चिंच यांनी ते पदार्थात उतरते. बरणीचा गुण जो आंबट पदार्थ, तोच रंगीत बशीचा दोष ठरतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. सक्तीची नोंदणी मात्र मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांपुरतीच असल्याने घरातील पोर्सेलिनची कोणतीच शासकीय यादी तयार होत नाही.

काळ ठरवण्याची काही साधने सर्वांना उपलब्ध आहेत. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानंतर, १८९१ पासून, निर्यातीच्या वस्तूवर देशाचे नाव घालावे लागले; बशीच्या तळाशी इंग्रजीत 'चायना' असे असेल तर ती बहुधा त्यानंतरची. 'मेड इन चायना' ही अक्षरे साधारणतः पहिल्या महायुद्धानंतरची. तळ कोरा असेल, पायाची कड झिलईविना खरखरीत असेल आणि रंगांचा उंचवटा बोटाला जाणवत असेल, तर ती बशी कँटनच्या जुन्या व्यापारातील असण्याचा संभव वाढतो. मावळातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पात किल्ले आणि लेणी दिली जातात. गावातील फडताळातील बरण्या आणि बंगल्यांच्या कपाटातील बश्या उलट्या करून पाहण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.